वाढत्या टोकाची अँटिबॉडी

चाकण, सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

ती. धम्मपालमामांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

प्रेसशॉपच्या धडधडाटाने तुमचे कान नेले, फोनवर हे सांगता आले नसते. पत्र तुमच्या मुलाच्या, बुद्धरत्नच्या हाती देते आहे. आमची कंपनी संशोधकांना अँटिबॉडी पुरवते. नवा मज्जातंतू वाढताना त्याच्या टोकाला पंज्यासारखा भाग असतो. तो चाचपडत वाट शोधतो. आमची अँटिबॉडी त्या टोकातल्या एकाच प्रथिनाला चिकटते. तिला चमकता रंग जोडला की टोक सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे उजळते. उंदराच्या मेंदूपेशींवर मी नवा लॉट तपासला. बारा बशा, बाराही उत्तम. लॉट पास केला, सही माझी. शुक्रवारी माल रवाना होईल आणि त्याच दिवशी मला कायम करायचे ठरेल. मामींना म्हणावे, पेढे आणू नका.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नका.
आपली,
मिनल

दिघी, मंगळवार, ४ फेब्रुवारी

चि. मिनल हिस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचले. मामी विचारते, पेढे नको म्हणणारी ही कोण लागून गेली. तो पंजा मी वहीत काढून पाहिला. त्यातले मला कळत नाही, म्हणून एकच विचारतो, हसू नकोस. आमच्या लाइनवर शिफ्ट सुरू होताना माप तपासायच्या गेजमध्ये आधी मुद्दाम खराब नग घालायचा, लाल रंग दिलेला. गेजने तो अडवला तरच पुढचे काम. चांगला नग बिघडलेले गेजही पास करते. तुझ्या बाराही बशांत ते प्रथिन होतेच ना? ज्यात ते नाहीच, अशी एखादी होती का?

जेवण वेळेवर कर.
तुझा मामा

चाकण, शनिवार, ८ फेब्रुवारी

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

हसले नाही. नुसता रंग चिकटत नाही ना, हे पाहायला एक वेगळी बशी अँटिबॉडीविना ठेवली होती. ती काळी राहिली, तिच्यावर विसंबले. प्रथिन नसलेल्या पेशी लावल्याच नव्हत्या. बुधवारी तशा, म्हणजे त्वचेच्या पेशी लावल्या. त्यांच्या सरकत्या कडाही तितक्याच हिरव्या दिसल्या. म्हणजे अँटिबॉडी आणखी कशाला तरी चिकटते. संशोधकाला नसलेले टोक दिसले असते.

गुरुवारी सकाळी आमच्या प्रमुख मंजुषा मॅडमना फोटो दाखवले. लॉट कोणी पास केला, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, मी. माल थांबला. मला कायम करणे सहा महिने पुढे गेले. हे सुचवले कोणी, असेही त्यांनी विचारले. माझे मामा, प्रेसशॉपचे निवृत्त तपासनीस, असे सांगितले. तुमचा प्रश्न मला सुचायला हवा होता. आईला अजून कळवलेले नाही, तुम्हीही सांगू नका.

आपली,
मिनल

दिघी, रविवार, ९ फेब्रुवारी

चि. मिनल,

तुझ्या आईला बोललो नाही. तुला मात्र एक सांगतो, जे मामीलाही माहीत नाही. १९९८ साली मी पास केलेल्या मालात खोट होती. ट्रक सुटायच्या आधी मला ते कळले होते. मला कायम व्हायचे होते, मी गप्प बसलो. माल परत आला, ठपका दुसऱ्या शिफ्टवर गेला. मी कायम झालो.

आज पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहिताना हात अडला. इथे लिहितो, पण तो केवळ वयाने मोठा म्हणून, एवढे समजून घे.

तुझा,
धम्मपालमामा