फ्रीजरमधलं दूध

आई,

मी हॉस्पिटलमध्ये जातेय, जेवायच्या वेळेपर्यंत घरी येईन. अवधूतला फोन करून घाबरवू नका. मला काहीही झालेलं नाही.

फ्रीजरमधल्या दुधाच्या बाटल्या मी बर्फाच्या डब्यात घालून नेल्या आहेत. काल तुम्ही त्या ओतायला सिंकपाशी नेल्यात आणि मी तुमच्या हातातून ओढून घेतल्या. त्या माझ्या नजरेला पडू नयेत, एवढंच तुमच्या मनात होतं, हे मला कळतं. बाळ गेल्यावर तिची दुपटीही तुम्ही अशीच न बोलता उचलून ठेवलीत.

आपल्या बाळासारखीच दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं त्या वॉर्डात आहेत. काहींच्या आयांना अजून दूध आलेलं नाही आणि पावडरचं दूध एवढ्याशा पोटाला झेपत नाही. त्यांना तिथल्या दूधपेढीतलं दूध नळीतून देतात. आपलीलाही पहिले दोन दिवस कुणाचं तरी तेच दिलं होतं. आज ते माझं रक्त तपासतील, मग दूध घेतील.

अवधूतने आणलेल्या दूध थांबवायच्या गोळ्या मी घेतलेल्या नाहीत. त्याला संध्याकाळी मीच सांगेन, तुम्ही मध्ये पडू नका.

आणि अळिवाचे लाडू खालच्या गोडबोलेकाकूंना देऊन टाकते म्हणालात, ते देऊ नका. डबा पुन्हा ओट्यावर काढून ठेवा. मला अजून दूध येतंय.

सलोनी