माप बरोबर, काज चुकीचं

आर्णी, गुरुवार

प्रिय घनश्याम,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घे. पन्नास वर्षांत तू यातला एकही परत केलेला नाहीस. पांढरकवड्याची हवा आणि तुझा गुडघा कसा आहे ते कळव. माझी तब्येत ठीक आहे. (दुकानात बसवतं, घरात बसवत नाही, एवढंच.)

तुझी भाभी सुग्राबी जाण्याआधी नात माहनूरनं तिचा एक व्हिडिओ काढला होता, तुला ठाऊक आहे. सदऱ्याला काज कसं करायचं ते ती शिकवते आहे, अकरा मिनिटं. चाळीस वर्षं माझ्या दुकानातली सगळी काजं तिच्याच हातची होती. आता तिचा आवाज तेवढाच उरला आहे. माहनूरनं फोन बदलताना तो लॅपटॉपमध्ये टाकला, आणि त्या लॅपटॉपवर मागच्या महिन्यात इस्त्रीआधी कपड्यावर शिंपडायच्या पाण्याचा मग कलंडला. कलंडवणारा मीच. लॅपटॉप गेला. दुरुस्तीवाल्यानं आतली एसएसडी, म्हणजे ज्या पट्टीत सगळं साठतं ती, काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाला, ही शाबूत दिसते, बाहेरून लावायची यूएसबी डबी घ्या, तिच्यात बसवा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा.

जन्मभर लोकांची मापं घेणाऱ्याला डबी निवडणं काय अवघड? पट्टी बसमधून न्यायची छाती होईना, म्हणून टेप लावली. लांबी तीन इंच एक सूत, रुंदी पाऊण इंच एक सूत. मापाच्या वहीत उतरवलं (गिऱ्हाईकाचं नाव: सुग्राबी), कागदाचा नमुना कापला आणि यवतमाळ गाठलं. दुकानदारानं नमुना पाहिला, मग मला पाहिलं, आणि त्या लांबीची डबी दिली. घरी आणून पाहतो तर लांबी तंतोतंत, रुंदी तंतोतंत, आणि पट्टी काही शिरेना. पट्टीच्या टोकाला एक खाच आहे. डबीतला खुंट नेमका दुसऱ्या बाजूला. काज एकीकडे, बटण दुसरीकडे. माप बरोबर असून कपडा बसला नाही, असं माझ्या हातून पहिल्यांदाच झालं.

शेजारचा मुजफ्फर, मोटरसायकली दुरुस्त करतो तो, कानस घेऊनच आला. "चाचा, कायले टेन्शन घेता? दोन हात मारतो, बसूनच जाते!" आयुष्यभर मी लोकांचे कपडे उसवून बारीक-मोठे केले, पण पट्टी छातीशी धरून त्याला दुकानाबाहेर काढलं. (चहा मात्र पाजला.)

मग माहनूरनं फोनवर माझी हजामत केली. "नाना, लंबाई काय पाहून राह्यले? खाच पाहा ना! तुमची एक खाचवाली आहे, एनव्हीएमई. तिले साटाची, दोन खाचवालीची, डबी कशी चालन? लेबल तरी वाचाचं!" चष्मा लावून वाचलं. तसंच लिहिलं होतं.

आता नुसत्या एनव्हीएमईच्या डब्या आहेत, दोन्ही प्रकार चालणाऱ्या आहेत, ॲल्युमिनियमच्या आहेत (पट्टी तापते म्हणे), प्लास्टिकच्या आहेत, स्क्रूच्या आणि बिनस्क्रूच्याही आहेत. माझी निवड काही होत नाही. तू मुलासाठी असलं काही घेतलं होतंस, तेव्हा विचार करून सल्ला दे. घाई नाही.

तुझा,
रहमत

ता. क. सल्ला राहू दे. डबी पंधरा दिवसांपूर्वीच घेतली, ॲल्युमिनियमची. माहनूरनं येऊन पट्टी बसवली, वायर जोडली, व्हिडिओचं नाव दिसतं आहे, शाबूत असणार म्हणाली. मीच तिला तो उघडू दिला नाही. खोटं कशाला सांगू, घनश्याम, मला भीती वाटते.

आणखी एक. रविवारी माहनूर कॉम्प्युटर घेऊन येते आहे. तू ये आणि माझ्या शेजारी बस, बाकी काही करू नकोस. ती म्हणते, व्हिडिओतलं काज तुझ्या त्या निळ्या सदऱ्याचं आहे. तो घालून ये. बटण तुटलं असेल तर तसाच ये, मी लावून देईन. काजाला मात्र हात लावू देणार नाही.