रस्ता दिसू नये म्हणून

९ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

फोन करत नाही म्हणून फुगून बसू नकोस. फोन वाजला की ह्यांना वाटतं, डेपोतून बोलावणं आलं. लगेच बूट चढवतात, बसच्या किल्ल्या शोधतात आणि त्या सापडल्या नाहीत की घर डोक्यावर घेतात. शेवटी मी फोन काढूनच ठेवला. तेव्हा आता पत्रं. तुझं अक्षर अजून कोंबडीने चालल्यासारखं असलं तरी चालेल, पण लिही.

मागच्या आठवड्यात हे पुन्हा निघून गेले. सापडले ते कोपऱ्यावरच्या दूधवाल्याच्या टेम्पोत, स्टिअरिंग धरून बसलेले. दूधवाल्याला म्हणाले की आत सरक, मागच्यांचा खोळंबा होतोय. तो भला माणूस, हसत हसत घरी घेऊन आला. मीही हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

जन्मभर बस चालवलेला माणूस. रस्ता दिसला की पाय थांबत नाहीत. फाटकाला कुलूप लावलं तर गज धरून उभे राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की ह्या बाईने मला कोंडलंय. ती बाई म्हणजे मी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुलपापेक्षा रस्ताच नजरेआड करा, दिसला नाही तर ओढ लागणार नाही. पण भिंत नको वाटते रे. तू हमरस्त्याच्या दुभाजकात झुडपं लावतोस, तर आमच्या तारेच्या कुंपणाला लागून काय लावू ते सांग. तार काय, गुडघ्याएवढी. शेजारीण म्हणते कण्हेर लाव, भराभर वाढते, फुलंही येतात.

लगेच उत्तर धाड. माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझी ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कण्हेर अजिबात लावू नकोस. आम्ही ती दुभाजकात लावतो कारण गुरं तिला तोंड लावत नाहीत. पानापासून मुळापर्यंत विष आहे. तू लिहिलं नाहीस, पण गेल्या खेपेला मी पाहिलं, दाजी हाताला लागेल ते तोंडात घालतात. डुरांटाही नको, त्याची पिवळी फळं खाऊची गोळी वाटतात. बोगनवेलीला काटे. उरली कामिनी. पान चावलं तर तोंड कडू होईल, बाकी काही नाही. पानं बारीक, दाट, बारा महिने हिरवी. फुलली की वासाने तुझं डोकं दुखेल, ते सोस.

रोपवाटिकेत एकटी जाऊ नकोस. तू भाजीसुद्धा दिसण्यावरून घेतेस. ते लोक तुला उंच, शेलाटं रोप दाखवतील आणि तू भुलशील. तसलं रोप वर झुलतं आणि बुडाशी उघडं राहतं. आपल्याला बुटकं हवं, जमिनीपासूनच फांद्या फुटलेलं. पिशवीतून काढून मुळंही बघायची, गोल गोल गुंडाळली गेली असतील तर परत ठेवायचं. रविवारी मीच घेऊन येतो. खड्डे तेवढे खणवून ठेव.

दाजींना नमस्कार. ओळखलं नाही तरी सांग.

तुझा भुंगा

२० मार्च

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

तू येऊन गेलास त्याची ह्यांना आठवण नाही, पण पाणी घालायला मात्र रोज येतात. झारी हातात दिली की शांत असतात. एका रोपापाशी थांबतात, पाणी घालतात, पुढच्याला सांगतात की जागा आहे, घाई करू नका. तुझ्याकडे तिकीट मागितलं तेव्हा तू खिसे चाचपायला लागलास, ते आठवून मला अजून हसू येतं.

एक बोलू का? तू जाताना सगळ्या रोपांचे शेंडे खुडलेस तेव्हा तुझा हात धरावासा वाटला. आधीच ती माझ्या घोट्याएवढी. आता तर अंगणात हिरवी चटणी सांडल्यासारखं दिसतं. रस्ता पहिल्यापेक्षा जास्तच दिसतो. ती उंच रोपं आणून मधे मधे लावली तर? मला सुंदर कुंपण नको आहे, लवकर हवं आहे. हे दिवसेंदिवस खालावत चाललेत. परवा त्यांनी मला विचारलं की तुमचं लग्न झालंय का.

मी म्हटलं, झालंय, माणूस चांगला आहे.

ताई

२८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र साइटवरच वाचलं आणि मुकादमाला सांगितलं की डोळ्यात माती गेली.

उंच रोपं लावू नकोस. ती आत्ता आडोसा देतील, पण खालून मोकळी राहतील आणि दाजी त्यातून वाकून सहज जातील. शेंडा खुडला की झाड बाजूंनी फुटतं, खुडतच राहावं लागतं. कापताना खालचा भाग वरच्यापेक्षा जरा रुंद ठेव, म्हणजे बुडाच्या पानांना ऊन मिळेल. रोज थोडं थोडं पाणी नको, मुळं वरच राहतात. एक दिवस सोडून भरपूर घाल. मधल्या दिवशी दाजींच्या हाती रिकामी झारी दे. बुडाशी वाळका पाला पसर.

दोन वर्षांत उभं राहील. कमी वेळात होतं असं तुला सांगितलं तर ते खोटं होईल.

तुझा भुंगा

११ ऑक्टोबर

चि. भुंग्यास,
अ. आ.

जीव मुठीत धरून वाच, पण हे आहेत. कामिनी कमरेला लागली होती. इतकी छान भरली होती की मी निर्धास्त झाले, चहा टाकायला आत गेले. ह्यांनी ती दोन्ही हातांनी बाजूला सारली आणि तार ओलांडून गेले. पलीकडे गटाराच्या कडेवर पडले. मोटारवाल्याने वेळेवर ब्रेक मारला. खुबा मोडलाय. शस्त्रक्रिया झाली, पण सर्जन म्हणाले की सांगितलेलं लक्षात ठेवून व्यायाम करणारा पेशंट असेल तरच पुन्हा पायावर उभा राहील.

तू आता मनात काही घेऊन बसू नकोस. उंच लावली असती तर वाकून गेले असते, तूच लिहिलं होतंस. आणि मी सारखं कुंपणाकडे बघत बसले असते तर चहा कोणी केला असता?

रजा मिळाली तर ये, नाहीतर राहू दे.

ताई

२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दवाखान्यात दाजींनी माझा हात धरून ठेवला होता, तो अजून जाणवतो. इथे नव्या रस्त्याचं काम जोरात आहे, साहेब रजेचं नाव काढू देत नाहीत.

कामिनी कशी आहे हे विचारायला लाज वाटते. पण विचारतो.

तुझा भुंगा

१४ डिसेंबर

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

तुझ्या तीन पत्रांना मिळून हे एक. हात रिकामा नसतो.

कामिनी माझ्या डोक्याच्या वर गेली. तू सांगितलं होतंस त्याच्याही आधी. इतकी दाट की मांजर शिरत नाही. लोक फाटकात थांबून विचारतात की कोणाकडून लावून घेतली. मी तुझं नाव सांगते.

हे अंथरुणावर. बोलणं महिन्यापूर्वी थांबलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ह्यांची कूस बदलत राहते. मला वाटलं, निदान रस्ता दिसू दे, गाड्या जाताना बघतील. म्हणून आज कात्री घेऊन खिडकीसमोरची कामिनी छातीपर्यंत उतरवली. नुसतं उघडं लाकूडच उरलंय तिथे. फुटेल ना? पलंग खिडकीशी ओढला, मान उशीने वर केली. बस गेली, टेम्पो गेला, शाळेची गाडी भोंगा वाजवत गेली. ह्यांचे डोळे छतावर होते. मी बोटाने दाखवलं. हनुवटी धरून तोंड वळवलं. सोडलं की पुन्हा छत.

मग मीच बसले बघत, संध्याकाळपर्यंत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता फार दिवस नाहीत. साहेबांना काय सांगायचं ते सांग आणि ये. या वेळी येताना रोप आणू नकोस, खत आणू नकोस, नुसता ये.

तुझ्यावरचा लोभ कमी झालेला नाही, दमलाय एवढंच.

तुझी ताई