कुंडातला थोरला

धबधब्याची चौकी,
२ जुलै

ती. डॉरीनआत्यास, रोवीनाचा सा. न. वि. वि.

डायलिसिससाठी तिकडे वाळवंटात राहायला गेल्यापासून तब्येतीचं विचारलं की तू नर्सचीच गाऱ्हाणी सांगत बसतेस, म्हणून थेट मुद्द्यावर येते. धबधब्याखालच्या कुंडात मगर आहे. लहान, गोड्या पाण्यातली नव्हे. जानेवारीतल्या पुरात समुद्राकडून वर चढलेला आणि पाणी ओसरल्यावर मागे अडकलेला मोठा म्हातारा. कुंड उघडण्याआधी आम्ही सापळे लावले होते, त्यांना तो शिवलाही नाही. मगर आहे का ते कळावं म्हणून पाण्यात तरंगत सोडलेला बोया परवा फाडलेला सापडला आणि आज सकाळी मी त्याचे डोळे पाहिले.

चौकीचे प्रमुख केल्विनसाहेब म्हणतात, गोळी घालू आणि शुक्रवारी कुंड उघडू. शाळांना हिवाळ्याच्या सुट्ट्या आहेत, बसगाड्यांची रांग लागली आहे. पण ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घराण्याची, आपल्या संमतीशिवाय त्यांना बंदूक उचलता येत नाही, आणि बाबा गेल्यापासून त्या पाण्याबद्दल बोलायचा हक्क तुझा. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं हं म्हणतेस आणि इथे अर्धी कचेरी कान लावून असते.

खरं सांगते, तू हो म्हणावंस असं मला वाटतं. पोरं त्या पाण्यात उड्या मारतात. मला झोप नाही.

माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझी भाची,
रोवीना


वाळवंटातून,
९ जुलै

चि. रोवीनास, आत्याचे अ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. उत्तर नाही असं आहे.

त्याला म्हातारा म्हणू नकोस. तुझा आजा अशा मगरीला थोरला म्हणायचा, आणि थोरला वाट चुकून अंगणात आला तर कुणी गोळी घालत नाही. येत्या पावसाळ्यातल्या पहिल्या मोठ्या पुरात आला तसा जाईल. तोवर कुंड बंद ठेवा. पोहण्याची एवढी हौस असेल त्यांनी हॉटेलच्या टाकीत डुंबावं, हे केल्विनला माझ्या नावाने सांग.

तुला भीती वाटते हे बरंच आहे. भीती असलेला माणूस त्या पाण्याशी नीट वागतो. तू तर लहानपणी बेडकालाही भ्यायचीस, तरी चिखलात सगळ्यांच्या पुढे असायचीस.

इथे हिवाळा ऐन भरात आहे, जुलैच्या थंडीने सकाळी नळ गोठतात. तुझ्या काकांनी सारवासारव करत मान्य केलं की शेकोटीसाठी माझीच खुर्ची तोडली.

राग आला तरी लोभ असू दे.
आत्या


जिल्ह्याचं इस्पितळ,
१९ जुलै

ती. आत्यास सा. न.

अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहिते आहे. घाबरू नकोस, उजवा हात आहे, फक्त शिवलेला आहे.

साहेबांनी पोहणं बंद केलं, पण धबधबा बघायची वाट उघडीच ठेवली. मंगळवारी एक माणूस साखळी ओलांडून पाण्यात उतरला. बायको खडकावरून फोटो काढत होती. मी ओरडून सांगितलं, तर म्हणाला, बाई, पाणी काचेसारखं आहे, काही आलं तर मला दिसेलच. कड्याच्या सावलीत ते पाणी काळं होतं. थोरला रोज ज्या ओंडक्यापाशी असतो तिथे नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. मी गुडघाभर पाण्यात शिरून त्या माणसाला काठाकडे ढकललं. मागे राहिलेला माझा हात थोरल्याने धरला.

मी किंचाळले नाही. तोंडातून बाबांचं नाव गेलं, जे गेलेल्या माणसाचं म्हणून आपण घेत नाही. आणि त्याने सोडलं. तो माणूस म्हणतो, मी दगड मारला म्हणून मगरीने सोडलं. असेल.

साहेब येऊन गेले. आता तरी तुझी आत्या हो म्हणेल, म्हणाले. शिकारी बोलावून ठेवला आहे.

एक गोष्ट लपवत नाही. आत्या नाही म्हणाली म्हणून माझा हात फाटला, असं पहिल्या रात्री मनात आलं. अजून पूर्ण गेलेलं नाही.

तुझीच,
रोवीना


वाळवंटातून,
२५ जुलै

चि. रोवीनास अ. आ.

पत्र मिळालं तशी पिशवी भरून बसथांब्यावर जाऊन बसले. नर्स गाडी घेऊन शोधत आली. डायलिसिस चुकवून निघालीस तर तिथे पोचशीलच असं नाही, म्हणाली. मी तिला खूप बोलले. मग गाडीत बसले.

तुझ्या मनात आलं ते खरं आहे. बोलले मी, हात तुझा फाटला. वाळवंटात बसून त्या पाण्याबद्दल बोलत राहणं आता मला जमणार नाही. आपल्या लोकांच्या मंडळाला फोन करून सांगितलं आहे की यापुढे त्या पाण्याबद्दलचा शब्द रोवीनाचा. हो म्हण किंवा नाही म्हण, मी तुझ्या पाठीशी आहे. मारायचं ठरवलंस तरी आधी त्याच्यापाशी जाऊन तू कोण ते सांग. सांगितल्याशिवाय काही करू नकोस.

हाताला ओल लागू देऊ नकोस.
तुझी आत्या


धबधब्याची चौकी,
६ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र वाचून मी हो म्हणायचंच ठरवलं होतं. शिकारी आला, भला माणूस होता, बंदूक गाडीतच ठेवून चहा प्यायला. मी एकटी वरच्या खडकावर गेले. थोरला खाली उन्हात पडला होता. मोठ्याने सांगितलं, मी कुणाची मुलगी, कुणाची नात. त्याने तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. माझा हात त्याच्या तोंडात असताना त्याने सोडला होता. आता त्याचा जीव माझ्या तोंडात होता.

खाली येऊन मी नाही म्हणाले. साहेबांनी माझ्या हाताच्या पट्टीकडे पाहिलं आणि शिकाऱ्याला परत पाठवलं. पूर येऊन जाईपर्यंत पूर्ण वाट बंद झाली आहे. ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. बसवाले शिव्या देतात. हाताची दोन बोटं वाकत नाहीत, आणि त्याच्यावरचा राग गेला आहे असंही नाही.

रोज साखळीपाशी उभी राहते. पाऊस डिसेंबरात, त्याला अजून अवकाश आहे, आणि तोवर कुणी आत गेलं आणि त्याला काही झालं तर ते माझ्या शब्दामुळे असेल. इतकी वर्षं तू हे ओझं एकटीने कसं वागवलंस, तेवढं आता मला सविस्तर लिही.

तुझ्या मायेवर विसंबून,
रोवीना