गळलेल्या फुलाची पुडी

गुरुवार, संध्याकाळ

जपलेलं झाड कुणाला दाखवायचंच नसेल, तर जपायचं कशाला?

आज कॉलेजच्या आमच्या वनस्पती-संग्रहात एक संशोधक मुलगी आली. रावेतच्या ओढ्याकाठच्या एका झाडाचा जुना, वाळवलेला नमुना तिला हवा होता. तिथे आता इमारती आहेत. नमुना चिकटवलेला कागद तिने वहीच्या पानासारखा उलटला आणि त्यावरचं एकुलतं एक फूल गळून पडलं.

संग्रहाचे प्रमुख असलेले आमचे सर तडकले. "उद्यापासून कपाटाला कुलूप! कुणी नको नि काही नको."

ती रडवेली. पण कागद पालथा करायचा नसतो, हे तिला सांगितलं कुणी होतं?

आई आत्ता म्हणाली, "वाळकं फूल ते. एवढं काय?" अगं, त्या फुलावरूनच तर झाड ओळखतात!

मी तेव्हाच सरांना म्हटलं, "कुलूप लावा, पण किल्ली माझ्याकडे. येणाऱ्याला आधी मी शिकवीन."

"आणि परत तुटलं तर?"

"तर परत पुडी करीन, आता या फुलाची करणार तशीच."

सरांनी किल्ली माझ्यापुढे सरकवली. फूल कागदी पुडीत घालून त्याच कागदावर चिकटवलं. निघालेल्या त्या मुलीला फाटकातून परत आणलं, आधी रद्दीच्या कागदांवर सराव करून घेतला आणि तोच नमुना पुन्हा तिच्या हातात दिला.