तळं येतंय

मारी,
मंगळवार

प्रिय एल्स्पेथ,

सहा वर्षांनी माझे अक्षर पाहून तू हे पाकीट न उघडताच बाजूला ठेवशील, ही शक्यता मी गृहीत धरली आहे. तरीही लिहिते आहे, कारण मला तुझ्याकडून एक परवानगी हवी आहे आणि ती फोनवर मागण्याचे धाडस मला होत नाही. फोनवर मी बोलू लागले की वाद घालू लागते. पत्रात निदान तुला हवे तिथे थांबता येईल. बाबांना त्यांच्या मारी गावच्या घरातून उचलून ॲडलेडच्या वृद्धाश्रमात नेले ते योग्य होते की नाही, हा प्रश्न मी माझ्यापुरता केव्हाच निकाली काढला होता. अठ्ठावीस वर्षे दंडाधिकारी म्हणून काम केलेल्या बाईला आपलाच निकाल पुन्हा उघडण्याची सवय नसते. गेल्या आठवड्यात तो उघडावा लागला. कसा, ते क्रमाने सांगते. क्रम सोडला तर मी मला सोयीचे तेवढेच सांगेन.

एरवी कोरडे असणारे आयरचे मिठाचे तळे यंदा भरल्याचे वर्तमानपत्रात वाचले आणि गाडी काढली. का निघालीस असे कुणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. क्वॉर्नला जुन्या स्टेशनासमोरच्या हॉटेलात उतरले. जेवायला बसले तर टेबलावर दोघांची मांडणी होती. वाढणारीने विचारले, "दुसरं माणूस मागाहून येतंय का?" मी नाही म्हटल्यावर तिने समोरचे काटे-सुरी उचलले, मग पेला उचलला, मग पुन्हा येऊन हातरुमालही नेला. तीन खेपा झाल्या. एका खेपेत झाले असते तर बरे वाटले असते. विल्पेनाला डोंगराची भिंत संध्याकाळच्या उन्हात विटेसारखी लाल होते, ते पाहत बसले होते. मेलबर्नच्या एका जोडप्याने आपला फोटो काढायला फोन माझ्या हाती दिला. काढला. मग ती म्हणाली, "द्या, तुमचाही काढते." मी नको म्हटले. नंतर लक्षात आले, की मी नको म्हणाले ते फोटो पाठवणार कुणाला हे न सुचल्यामुळे.

लिंडहर्स्टनंतर डांबर संपते आणि समोरून येणारा प्रत्येक चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. तू लहानपणी मागच्या सीटवरून अख्खा हात हलवायचीस आणि बाबा म्हणायचे, "एल्सी, एवढं केलंस तर ते थांबतील गं, चहा पाजावा लागेल." पहिल्या दिवशी मी बोट उचलले नाही, ज्याची ओळख नाही त्याला अभिवादन कशासाठी, असा माझा विचार. दुसऱ्या दिवशी उत्तरादाखल उचलू लागले. तिसऱ्या दिवशी धुळीचा लोट दिसला की आधीच बोट वर. एकदा तर लोट जवळ आला आणि त्यात वाहन नव्हतेच. वावटळ होती. मी वावटळीला नमस्कार केला होता आणि त्याचे मला वाईट वाटले नाही, हे अधिक गंभीर.

बाबांच्या घरात आता दुसरे कुणी राहते. अंगणात मुलांचे उड्या मारायचे जाळे आहे. मी थांबले नाही. पुढच्या कच्च्या रस्त्याला लागण्याआधी पेट्रोल भरायला दुकानात गेले. ते दुकान आता ग्लेनिस नावाची बाई चालवते. पन्नाशीची, हातावर पीठ, कानावर पेन. ती पुढे जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव वहीत लिहून घेते. कोण, कोणती गाडी, कुठे निघालात, परत कधी, आणि शेवटचा रकाना: घरी वाट कोण बघतंय, त्यांचा फोन. माणूस वेळेवर आले नाही तर ग्लेनिस आधी त्या घरी विचारते, बेत बदलला का म्हणून. तिथेही पत्ता नसेल तर शोधाला माणसे निघतात. मी शेवटचा रकाना सोडला. ग्लेनिस म्हणाली, "अहो, हा राहिला." मी म्हटले, वाट पाहणारे कुणी नाही. "असं कसं? नवरा, मुलं, बहीण, शेजारीण, अगदी भांडण झालेली शेजारीणसुद्धा चालते. उद्या तुम्ही आला नाहीत तर मी फोन लावू कुणाला, पंतप्रधानांना?" मागे रांगेत चार माणसे होती आणि ती हसली. मी पेन घेतले आणि माझ्याच घरचा नंबर लिहिला. नाव विचारले नव्हते, नंबर विचारला होता, आणि नंबर खरा होता. शब्दांत खरे आणि अर्थाने खोटे बोलणारे साक्षीदार मी आयुष्यभर पकडले. त्या दिवशी माझे मला कळले नाही.

तळे पाहिले, एल्स्पेथ. वर्णन करत नाही, तू पाहिलेले आहेस. चौऱ्याहत्तर साली बाबांच्या खांद्यावर बसून तूच ओरडली होतीस, की याला पलीकडचा काठच नाही. एवढेच सांगते, की पाणी वाहत आल्यासारखे दिसत नव्हते. ते मिठावर वीतभर पसरलेले होते आणि दर तासाला थोडे अधिक रुंद होत होते. पेलिकन पक्षी एवढे होते, की दूरवर कुणी धुणे वाळत घातले आहे असे वाटावे. मी "बघ" असे म्हणाले. मोठ्याने. मग गाडीत जाऊन बसले.

दुपारी पाऊस आला. मुख्य रस्ता सोडून मी काठाकडच्या वाटेला लागले होते. तिथल्या चिकणमातीत चाके आसापर्यंत रुतली. फोनला रेंज नाही. गाडी सोडून चालू लागायचे नाही, हे बाबांनी आपल्याला चालायला शिकवण्याच्याही आधी शिकवलेले. मी बसून राहिले. पाणी भरपूर होते, बिस्किटे आणि माशांचे दोन डबे होते. परतायची वेळ बुधवार संध्याकाळची लिहिली होती, म्हणजे गुरुवारी सकाळी कुणीतरी येईल असा माझा हिशेब. गुरुवारी कुणी आले नाही. शुक्रवारी दुपारी आले.

कारण असे, की बुधवारी संध्याकाळी ग्लेनिसने माझ्या घरी फोन लावला आणि तो आन्सरिंग मशीनने घेतला. माझाच आवाज: विनिफ्रेड ट्रेथवी घरी नाही, आपले काम थोडक्यात सांगा. आवाज कुणाचा आहे हे ओळखण्याइतकी माझी तिची ओळख नव्हती. तिने थोडक्यात सांगितले: "तुमच्याकडच्या बाई अजून परतल्या नाहीत. बेत बदलला असेल तर कळवा." आणि घरी कुणीतरी ऐकेल, उलट फोन करेल, म्हणून ती पूर्ण एक दिवस थांबली. गुरुवारी रात्री तिने पुन्हा लावला, तीच बाई तेच शब्द त्याच सुरात बोलली, तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला, की हा आवाज हरवलेल्या बाईचाच आहे आणि घरी दुसरे कुणी नाही.

मला शोधून काढले लायलने. तो सरकारी रस्त्यांवर ग्रेडर, म्हणजे कच्चे रस्ते सपाट करायचे यंत्र, चालवतो. साठीचा, इथल्या मूळच्या अरबाना लोकांपैकी, त्याचे आजोबा बाबांबरोबर रेल्वेचे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत होते. ग्रेडरवरून न उतरताच म्हणाला, "तुम्हीच का त्या, स्वतःची वाट बघत बसलेल्या?" मी होय म्हटले. "मग काय म्हणतात घरच्या बाई? जेवायच्या थांबल्यात का?" मग तो खाली उतरला आणि आधी त्याने मला चहा दिला. साखळी लावताना नाव विचारले. "ट्रेथवी? म्हाताऱ्या पर्सच्या कोण तुम्ही?" मुलगी, म्हटले. "समुद्राकडची की कोर्टातली?" कोर्टातली, म्हटले. तो "बरं" म्हणाला आणि साखळी आवळू लागला.

गाडी बाहेर निघाल्यावर तो बोलला. त्याचे शब्द शक्य तितके जसेच्या तसे देते. "म्हातारा गेला त्या सालीही तळं आलं होतं. आम्ही भरलं म्हणत नाही, आलं म्हणतो, कारण ते येतंच. पाऊस पडतो तिकडे क्वीन्सलंडात, आणि पाणी महिना-दोन महिने चालत इथे येतं. इथे आभाळ कोरडं ठणठणीत असतं आणि तळं वाटेवर असतं. पर्स रेडिओला कान लावून बसायचा. भिंतीवर नकाशा, त्यावर पेन्सिलीच्या खुणा. त्या साली त्यानेच मला सांगितलं, लायल, पाण्याने वरचं बर्ड्सविल गाव सोडलं, तळं येतंय. मी म्हटलं, गप रे म्हाताऱ्या, तुला काय कळतंय! आठवड्यानेसुद्धा चुकला नाही तो. पण तोवर तुम्ही त्याला नेलं होतं."

आता मूळ मुद्दा. त्या मार्चमधल्या रविवारी माझ्या स्वयंपाकघरात मी तुझ्यापुढे सात कारणे मांडली होती. दोनदा पडले, गॅस चालू राहिला, डॉक्टर चार तासांवर, आणि उरलेली चार तुला आठवत असतील. मला सगळी आठवतात. तू एकही खोडले नाहीस. तू फक्त एक विचारलेस: "पण बाबा स्वतः काय म्हणतात?" मी आदल्याच आठवड्यात त्यांना भेटून आले होते. मी उत्तर दिले, सुसंगत असे ते काही बोलत नाहीत. त्यावर तू मान खाली घातलीस आणि प्रश्न सुटला.

ते काय बोलले होते ते आज लिहिते. माझी बाही धरून म्हणाले, "विन, तळं येतंय. ते एकदा येऊन जाऊ दे, मग तुला कुठे न्यायचं तिथे ने मला." बाहेर तळे हाडासारखे कोरडे होते. पहिले वाक्य मला भ्रमाचे वाटले, आणि तेवढ्यापुरती मी अज्ञानी होते, अप्रामाणिक नव्हते. पण दुसरे वाक्य ही अट होती. अट घालणारा माणूस शुद्धीवर असतो, हे मला तेव्हाही कळत होते. ते वाक्य मी तुला सांगितले असते तर तू म्हणाली असतीस, मग थांबू या, मी येऊन राहते त्यांच्याजवळ; आणि माझी सातही कारणे तिथेच पडली असती. म्हणून मी सांगितले नाही. विरुद्ध बाजूच्या उपयोगाचा पुरावा मी दडवला. असे करणाऱ्या वकिलांची मी भर कोर्टात काय गत केली आहे, ते तू वर्तमानपत्रात वाचले असशील. बाबा तिथे नेल्यापासून अकराव्या आठवड्यात गेले, मोटारी उभ्या करायच्या मैदानाकडे तोंड असलेल्या खोलीत. लायलच्या सांगण्यावरून तारखा जुळवल्या. तळे त्याआधी सोळा दिवस आलेले होते. कबरीपाशी तू मला म्हणालीस, "तू बरोबर होतीस, विन. नेहमीच असतेस. आता त्या बरोबर असण्याच्याच सोबतीने राहा." मी राहिले. मी बरोबर नव्हते, एल्स्पेथ. आणि हे मला आज कळले असेही नाही. आज फक्त लपायला जागा उरली नाही.

मी क्षमा मागायला हे लिहीत नाही; क्षमा मागणे म्हणजे पुन्हा तुझ्याकडून काहीतरी वसूल करणे होईल. कारण वेगळे आहे. तळ्याच्या वरच्या अंगाला, विल्यम क्रीकच्या पुढे, बाबा पाणी आले की मुक्काम करायचे ती जागा लायलने मला नकाशावर दाखवली आहे. तिथे मला जायचे आहे. गाडी धुऊन तयार आहे, पण ग्लेनिस वही पुढे सरकवून बसली आहे. म्हणते, "आता फोन उचलणारं जिवंत माणूस पाहिजे मला, मशीन चालायचं नाही. नाव सुचेपर्यंत बसा इथेच, चहा आहे." मला जगात एकच नंबर पाठ आहे, आणि तो मी तुला न विचारता लिहिणार नाही. तुला माझी काळजी करायची नाही, माझ्याशी बोलायचेही नाही. मी ठरल्या वेळी आले नाही तर ग्लेनिस तुला फोन करील आणि तू "मलाही ठाऊक नाही, शोधा" एवढेच म्हणायचे. हे पत्र उद्याच्या टपालगाडीने निघेल आणि सोमवारपर्यंत तुला मिळेल. मी पुढच्या शुक्रवारपर्यंत इथे आहे. त्यानंतर गाडी दक्षिणेला वळवीन. दुकानाचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. फोन ग्लेनिसच घेईल. त्या रकान्यात तुझे नाव घालू की नको, तेवढे तिला सांग. कारण देऊ नकोस. मी मागणार नाही.

तुझीच,
विन