वाटी क्रमांक ४१७

रविवार, सायंकाळ.

मी, वामन गणेश पुराणिक, वय वर्षे एक्क्याऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी, न्यायालयातील निवृत्त शिपाई, राहणार लक्ष्मी गेट, झाशी, स्वतःपुढे खरे लिहून देतो.

नात मृण्मयी अन्नतंत्रज्ञानात एम.टेक. करीत आहे. तिने आज तीन घरांची मेतकुटे दह्यात कालवून आमच्यापुढे ठेवली. वाट्यांवर नावे नव्हती, केवळ आकडे. जे सरस ठरेल ते करणाऱ्या बाईच्या नावासह तिच्या प्रबंधात छापले जाणार.

४१७ जिभेवर पडताच मी ओळखले. पत्नी कमल हिचे. लग्नापासून तेच खात आलो आहे. मी नऊपैकी एक गुण दिला.

का दिला? माझे नाव कोठेही छापलेले नाही. मग तिचे का छापावे?

"आजोबा, सच में एक? शेजारच्या गुप्ताजींनी आठ दिलेत. फिर से चखिए ना!"

"साक्ष फिरवायची नसते," मी म्हणालो. "हे कुत्राही खाणार नाही."

एका गुणाने ४१७ मागे पडले. मग मृण्मयीने नावे वाचली.

"म्हणजे इतकी वर्षे मी कोणाला वाढत होते?" कमल हसून म्हणाली आणि माझ्या वाट्या उचलू लागली. ४१७ वर तिचा हात थांबला. बाकीच्या दोहोंत मेतकूट तसेच होते. ४१७ मी बोटाने चाटून लख्ख केली होती.

हजर साक्षीदार: मृण्मयी आणि गुप्ताजी, यांनी काही पाहिले नाही. आणि कमल.